बोनेटला कान लावून

हिवाळ्यात माझा ट्रक रोज संध्याकाळी विजेच्या प्लगला लावून ठेवावा लागतो, हे अण्णांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले. ''मोबाइल आहे का तो?'' म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यातल्या एका एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मी जनावरांची डॉक्टर. परभणीला व्हेटर्नरी केलं, मास्टर्ससाठी अमेरिकेत आले, इथल्या परवान्याच्या परीक्षा दिल्या आणि मिनेसोटातच राहिले. ईडन प्रेरी या उपनगरापासून पश्चिमेला तासभर गेलं, की घरांच्या रांगा संपतात आणि मक्याची शेतं, चाऱ्याचे उंच सायलो आणि गायींचे लांबलचक गोठे सुरू होतात. तिथल्या एका छोट्या गावात माझं घर आहे. ईडन प्रेरीतली माझी मराठी मित्रमंडळी म्हणतात, ''यार, तू तिकडे करतेस काय?'' मी म्हणते, गायींची बाळंतपणं करते. त्यांना तो विनोद वाटतो.

अण्णा आले ते डिसेंबरात. आईने यायला साफ नकार दिला. ''मला काय आइस्क्रीम करायचंय का स्वतःचं? मी जूनमध्ये येईन, माणसासारखी,'' असं तिने फोनवरच सांगितलं. अण्णा मात्र हट्टाने थंडीतच आले. उन्हाळा त्यांनी जन्मभर पाहिला होता, इंजिनं तापून बंद पडलेली पाहिली होती, रेडिएटरवर पाणी ओतून ओतून हात भाजून घेतले होते. थंडीने गाडी बंद पडते म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं.

माझा ट्रक डिझेलचा आहे. मागच्या भागात औषधांचे कप्पे, पाण्याची टाकी, अवजारांचे खण असलेली मोठी पेटी बसवलेली. त्या पेटीमुळे तो गॅरेजमध्ये मावत नाही, म्हणून बाहेर, गॅरेजच्या भिंतीला लागून उभा असतो. त्याच्या समोरच्या जाळीतून एक काळी वायर बाहेर येते, टोकाला साधा तीन पिनांचा प्लग. इंजिनाच्या पोटात, कूलंटच्या पाण्यात, एक हीटर बसवलेला असतो, त्याची ती वायर. भिंतीवरच्या सॉकेटमधून जाड एक्स्टेन्शन ओढायची, ट्रकच्या प्लगला जोडायची, की रात्रभर इंजिन आतून कोमट राहतं. सकाळी चावी फिरवली, की लगेच चालू. हे केलं नाही, तर कडाक्याच्या थंडीत ऑइल गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं, बॅटरीचा निम्मा जीव गेलेला असतो, आणि सेल्फ नुसता कण्हतो.

हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, वायर कुठून कुठे जाते ते टॉर्चच्या उजेडात नीट पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

''आत हीटर तापतोय, हे तुला कसं कळतं?''

''प्लग लावला की तापतो, अण्णा.''

''तसं नाही. तापतोय हे कशावरून?''

''इतकी वर्षं तापतोय ना. सकाळी ट्रक चालू होतो, त्यावरून.''

''म्हणजे सकाळी कळणार,'' ते म्हणाले. मला जरा राग आला. या थंडीत मी सात हिवाळे काढले होते. बर्फात रुतलेला ट्रक एकटीने फावड्याने मोकळा केला होता, अंगावरचा ओव्हरऑल गोठून पत्र्यासारखा कडक झालेला असताना बैलाचा पाय शिवला होता. अण्णांनी बर्फ पाहून आठवडाही झाला नव्हता.

जानेवारीत एक दिवस सकाळपासून बर्फ पडत राहिलं. संध्याकाळी थांबलं, तेव्हा मी ट्रकची वायर जोडली, बर्फ उडवणारा स्नोब्लोअर फिरवून गॅरेजपुढची जागा मोकळी केली, औषधांचे क्रेट नेहमीसारखे घरात आणून ठेवले. आकाश निरभ्र झालं होतं. इथे निरभ्र आकाश म्हणजे खरी थंडी. ढग असले की जरा तरी पांघरूण असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पारा उणे तिसावर गेला.

सहाला फोन वाजला. बारा मैलांवरच्या एका डेअरीवाल्याचा. त्याच्याकडे दीडशे गायी आहेत आणि तो विनाकारण फोन करणारा माणूस नाही.

''डॉक, पहिलटकरीण आहे. पाणी फुटून दोन तास झाले. एकच पाय बाहेर आलाय, डोकं लागत नाही हाताला.''

''ओढू नका,'' मी म्हणाले. ''मी येईपर्यंत साखळी लावू नका. अर्ध्या तासात पोचते.''

पाच मिनिटांत कपडे चढवून मी बाहेर पडले. त्या थंडीत पहिल्या श्वासालाच नाकातले केस गोठतात. ट्रकची वायर काढली, वर चढले, चावी फिरवली. सेल्फने एक लांब कण्हल्यासारखा आवाज काढला आणि थांबला. पुन्हा फिरवली. या वेळी आवाज आणखी खालचा. तिसऱ्यांदा फिरवली, तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले.

खिडकीवर टकटक झाली. अण्णा. डोक्याला माकडटोपी, अंगात माझा जुना ओव्हरऑल, तो त्यांना आखूड झालेला, आणि पायात बर्फाचे बूट. ते कधी उठले, मला कळलंही नव्हतं.

''बस्स,'' ते म्हणाले. ''आता चावीला हात लावू नको. सेल्फ जाळशील.''

''बॅटरी गेलीय, अण्णा. चार्जर लावते.''

''बोनेट उघड आधी.''

मी उघडलं. त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा हात इंजिनावर, कूलंटच्या पाइपावर ठेवला. उणे तिसात लोखंडाला उघडा हात लावायचा नसतो, कातडी चिकटते, हे मी ओरडून सांगेपर्यंत त्यांनी तो काढूनही घेतला होता.

''थंडगार,'' ते म्हणाले. ''रात्रभर तापलेलाच नाही हा.''

मी भिंतीकडे धावले. बाहेरच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं असतात. कुठे ओल लागून वीज गळायला लागली, तर सॉकेट स्वतःच बंद पडतं, आणि मग एक बटण दाबून ते पुन्हा चालू करावं लागतं. ते बंद पडलेलं होतं. संध्याकाळी वायर जोडल्यावर कधीतरी पडलं असणार. मी बटण दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. पुन्हा खट्. ते चालू राहायला तयारच नव्हतं.

आता सॉकेट चालू झालं असतं, तरी उपयोग नव्हता. इतकं गोठलेलं इंजिन तापायला तासभर तरी लागतो. तिकडे गाय अडली होती. शेजारचं घर रिकामं, कारण शेजारी हिवाळ्यात फ्लोरिडात जातात. माझी दुसरी गाडी नाही. क्षणभर मला काहीच सुचलं नाही, आणि ही अवस्था मला नवी होती. मी गोठ्यात शिरले की लोक बाजूला होऊन मला जागा करून देतात, त्याची मला सवय झाली होती.

अण्णा म्हणाले, ''त्यांच्याकडे गाडी आहे ना? त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जा. लाजू नको. आम्ही ब्रेकडाऊन झालं की पॅसेंजर दुसऱ्या गाडीत बसवायचो. गाडी मागनं बघता येते.''

मी डेअरीवाल्याला फोन लावला. ट्रक चालू होत नाही, येऊन मला घेऊन जा, असं सांगितलं. तो फक्त ''बायकोला पाठवतो'' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांत ती तिच्या पेट्रोलवरच्या पिकअपमधून आली. तोवर मी लागेल ते सगळं दोन क्रेटमध्ये भरून ठेवलं होतं: साखळ्या, डोक्याला लावायचा फास, वंगण, भुलीचं इंजेक्शन, कॅल्शियमच्या बाटल्या, आणि वेळ आलीच तर पोट उघडायची सगळी अवजारं.

निघताना अण्णांना म्हटलं, ''तुम्ही घरात बसा. आल्यावर बघते मी.''

''चावी कुठाय?''

''सीटवर. पण अण्णा, बाहेर थांबू नका, बोटं जातील.''

''जा तू,'' ते म्हणाले. ''तुझं पॅसेंजर थांबलंय.''

गोठ्यात पोचले तेव्हा सात वाजले होते. आत गायींच्या श्वासांनी हवा जरा उबदार होती, भिंतींवर मात्र दवाचं बर्फ झालेलं. पहिलटकरीण एका बाजूच्या कप्प्यात उभी होती, कळा देऊन दमलेली, डोळे मोठे झालेले. मी कोपरापर्यंत हात धुतले, शेपटीच्या वर भूल दिली आणि हात आत घातला. एक पुढचा पाय सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडलेला, आणि डोकं मागे वळून वासराच्याच कुशीला टेकलेलं. मी जिभेला चिमटा घेतला. जीभ हलली. वासरू जिवंत होतं.

दुमडलेला पाय लवकर सरळ झाला. डोकं ऐकत नव्हतं. नाकपुडीपर्यंत बोटं पोचायची, जबड्याखाली हात घालावा तर कळ यायची आणि माझा दंड गायीच्या हाडांमध्ये चेंगरायचा. कळ ओसरेपर्यंत थांबायचं, वासराला मागे ढकलायचं, पुन्हा जबडा शोधायचा. एक हात बधिर झाला की दुसरा. असं तासभर चाललं. डेअरीवाला शेपटी धरून उभा होता. त्याची बायको गरम पाण्याच्या बादल्या आणत होती.

''अर्धा तास आणखी बघते,'' मी म्हणाले. ''नाही तर पोट उघडावं लागेल.''

''तू म्हणशील तसं,'' तो म्हणाला.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. माझा एक हात खांद्यापर्यंत गायीत, दुसरा वंगणाने भरलेला. वाजून वाजून तो थांबला आणि परत सुरू झाला. डेअरीवाल्याच्या बायकोने माझ्या खिशातून फोन काढला आणि माझ्या कानाला धरला.

''ऐक,'' अण्णांचा आवाज. आणि पाठोपाठ माझ्या ट्रकचा. आधी खडखडत, अडखळत, मग हळूहळू एका लयीत आलेला डिझेलचा आवाज. अण्णांनी फोन बहुतेक थेट इंजिनाजवळच धरला होता.

''पहिल्या चावीला,'' ते ओरडून म्हणाले. ''एका चावीत चालू!''

''अण्णा, माझा हात गायीत आहे!''

''मग बोलतेस कशाला? कर तुझं काम!'' आणि फोन बंद.

डेअरीवाल्याच्या बायकोला आमची भाषा कळली नव्हती, पण इंजिनाचा आवाज कळला होता. ''ट्रक का?'' तिने विचारलं. मी मान हलवली. ''कोणी चालू केला?''

''वडिलांनी.''

ती हसली, नवराही हसला, आणि मलाही हसू आलं. तो फोन शुभशकुन ठरला, असं मी म्हणणार नाही. एवढं खरं, की मी हसले तेव्हा खांदा सैल पडला, आणि दोन कळांच्या मधल्या शांततेत माझी बोटं जबड्याच्या मागे पोचली. फास कानांमागून अडकवला, वासराची छाती एका हाताने मागे रेटली आणि दुसऱ्या हाताने तोंड हळूच पुढे वळवलं. डोकं आलं. त्यानंतर काम सोपं होतं. पायांना साखळ्या लावल्या, कळेबरोबर दोघांनी मिळून ओढलं, आणि साडेआठच्या सुमारास एक मोठी, काळी-पांढरी कालवड पेंढ्यावर आली. श्वास घेत नव्हती. नाकात काडी घातली, छाती चोळली, तोंडावर गार पाणी मारलं. ती शिंकली, डोकं झटकलं आणि खोकली.

''डॉक,'' डेअरीवाला म्हणाला, ''तुझ्या वडिलांना कॉफी पाजायला पाहिजे.''

कालवड हीटरखाली ठेवली, गायीला कॅल्शियम दिलं, आणि दहाच्या सुमारास डेअरीवाल्याची बायको मला घरी सोडायला आली. ट्रक उभा होता, इंजिन चालू, सायलेन्सरमधून पांढरी वाफ सरळ वर जात होती. अण्णा आत ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, हीटर लावून, चहाचा थर्मास मांडीवर घेऊन.

''काय केलंत तुम्ही?'' मी विचारलं.

ते खाली उतरले आणि त्यांनी मला सगळं दाखवलं, डेपोत नव्या माणसाला दाखवावं तसं. मी काल स्नोब्लोअर फिरवला तेव्हा उडालेलं बर्फ एक्स्टेन्शन आणि ट्रकच्या प्लगच्या जोडावर पडलं होतं. जोड जमिनीवरच होता. विजेच्या जराशा उबेने बर्फ वितळलं, पाणी जोडात शिरलं, सॉकेट बंद पडलं, आणि नंतर ते पाणी आतच गोठलं. अण्णांनी ट्रकचा प्लग माझ्या केस वाळवायच्या मशीनने कोरडा केला होता, गॅरेजच्या दारातून मशीन जाळीपर्यंत नेऊन. ओली एक्स्टेन्शन घरात नेऊन टाकली, गॅरेजच्या आतल्या सॉकेटला दुसरी लावली. आणि जोड जमिनीवर न ठेवता जाळीला, गुडघ्याच्या उंचीवर, दोरीने बांधला, त्यावर प्लास्टिकची बाटली कापून टोपी बसवली. शेवटी चार्जर शोधून दोन्ही बॅटऱ्यांना लावला.

''चार्जरवर सगळं इंग्रजीत लिहिलंय,'' मी म्हणाले.

''प्लस-मायनस सगळीकडे सारखंच असतं.''

''आणि हीटर चालू झाला, हे कसं कळलं?''

मला वाटतं, याच प्रश्नाची ते वाट पाहत होते. त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला वायर पुन्हा जोडायला लावली. मग म्हणाले, ''बोनेटला कान लाव.''

मी टोपी वर सरकवली आणि कान जवळ नेला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग अगदी बारीक, सुंसुं असा आवाज. चहाचं आधण ठेवल्यावर पाणी उकळायच्या आधी पातेल्याच्या तळाशी जे सुरू होतं, ते.

''हे मला कसं माहीत नाही?'' मी म्हणाले.

''तू प्लग लावून घरात जातेस. मी उभा राहिलो, म्हणून ऐकलं.''

''चुकलं माझं, अण्णा. तुम्ही विचारलं होतंत.''

''डेपोत असतीस तर मेमो दिला असता,'' ते म्हणाले आणि थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला. त्यांची दोन बोटं टोकाला पांढरी पडली होती. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवून कोमट पाण्यात हात धरायला लावले. तेव्हा ते कळवळले, पण माझ्यासमोर कळवळायचं नाही म्हणून खिडकीबाहेर ट्रककडे बघत राहिले. संध्याकाळपर्यंत बोटं लाल होऊन ठीक झाली.

त्या दिवसानंतर अण्णा माझ्याबरोबर फेऱ्यांना यायला लागले. आधी महिनाभर ते घरात बसून टीव्हीवर मराठी बातम्या बघत आणि दर तासाला तापमान विचारत. आता ते सकाळी सहाला ओव्हरऑल घालून तयार. शेतकऱ्यांशी त्यांचं संभाषण कसं चालायचं, ते मला पूर्ण कधीच कळलं नाही. अण्णांचं इंग्रजी गाड्यांच्या भागांपुरतं होतं, पण तिकडच्या लोकांना तेवढ्यातच रस होता. मी एखाद्या गायीच्या पोटाला कान लावून बसलेली असायची, आणि पलीकडे शेडमध्ये अण्णा कुणाच्या तरी जुन्या ट्रॅक्टरच्या पंपाकडे बोट दाखवून ''नोझल, नोझल'' म्हणत असायचे. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, ''तुझे वडील इथे नोकरी करतील का?'' मी ते अण्णांना सांगितलं. रात्री जेवताना आईला फोन करून त्यांनी हे तीन वेळा सांगितलं.

माझ्यातही एक बदल झाला. गोठ्यात मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते, गर्भ जिवंत आहे का, टाका घट्ट बसलाय का, मग पुढे जाते. स्वतःच्या ट्रकच्या बाबतीत मात्र मी नुसत्या भरवशावर होते. आता वायर लावली की मी मिनिटभर थांबते. त्या मिनिटात कान गार पडतो, पण ऐकू आलं की निर्धास्त झोप लागते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडीची आणखी एक लाट आली, जानेवारीपेक्षा कडक. शाळा बंद झाल्या, पोस्टाच्या गाड्या उशिरा निघाल्या. पहाटे पाच वाजता दोन फोन आले, एकामागोमाग एक, दोन वेगळ्या दिशांना. एकीकडे गाय बसली होती ती उठतच नव्हती, दुसरीकडे जुळं अडलं होतं. मी जुळ्याकडे आधी जायचं ठरवलं आणि बसलेल्या गायीच्या मालकाला, मी पोचेपर्यंत तिला उबदार ठेवून काय पाजायचं, ते फोनवर सांगितलं. अण्णा तयारच होते. मी वायर काढली, गुंडाळली, वर चढले आणि चावी फिरवली. ट्रक एका दमात चालू झाला. अण्णांनी सीटबेल्ट लावला.

दोन्ही गायी वाचल्या. जुळ्यातलं एक वासरू गेलं, दुसरं जगलं. ते रोज घडणारं आहे आणि मी ते पचवायला शिकलेय. परतताना सूर्य वर आला होता, रस्ता सरळ आणि रिकामा, दोन्ही बाजूंना शेतांवर बर्फ चकाकत होतं. अण्णा डोकं काचेला टेकवून झोपले होते, माकडटोपी डोळ्यांवर आलेली. मी हीटर एक घर वर केला आणि त्यांना जाग येऊ नये म्हणून वळणावर वेग कमी केला.